लग्नाची खरेदी आणि मुंबईचे बाजार

मुंबईत राहणाऱ्यांची आठवण गावाकडच्या नातेवाइकांना दोन कारणांनी हमखास होते. एक दवाखाना आणि दुसरी खरेदी. दवाखान्याचे समजते. पण साताऱ्यात, कराडात, सांगलीत आज कपडालत्ता काय मिळत नाही? तरी घरात लग्न ठरले की फोन येतोच. "भाभी, तुम्ही मुंबईत आहात. चांगले आणि स्वस्त कुठे मिळेल, सांगा."

'चांगले' आणि 'स्वस्त' हे शब्द आपण जोडीने उच्चारतो. तिसरी एक अपेक्षा मनात असते, ती कोणी फोनवर बोलत नाही. माल मुंबईचा आहे हे चारचौघांना कळले पाहिजे. पिशवीवर दुकानाचे नाव हवे, मांडवात कोणी विचारले तर सांगता आले पाहिजे. या तिसऱ्या अपेक्षेचीच किंमत सगळ्यात जास्त असते आणि ती बिलात वेगळी दाखवलेली नसते.

गेल्या वर्षी आमच्या धाकटीचा निकाह ठरला आणि हा प्रश्न आमच्याच घरी आला. त्या दोन महिन्यांत जे बाजार पाहिले, जे कामाला आले, ते लिहून ठेवावे असे वाटले. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना उपयोग होईल.

आम्ही गोराईला राहतो. गोराई म्हटले की लोकांना खाडीपलीकडचे गाव आठवते. तिथले कोळी आणि ईस्ट इंडियन बांधव, चर्च, समुद्रकिनारा आणि आता विपश्यना पॅगोडा. आमची गोराई खाडीच्या अलीकडची, बोरिवली पश्चिमेची. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी या भागांत लहान लहान भूखंड आखले. मधे चौक आणि भोवती घरे, अशी ती मांडणी. लोकांनी ऐपतीप्रमाणे घरे बांधली, पुढे त्यांवर मजले चढवले. माझे सासरे गिरणीत साचेखात्यात होते. मदनपुऱ्याच्या एका खोलीतून त्यांनी संसार इथे आणला.

रोजच्या बाजारासाठी गोराईच्या माणसाला लांब जावे लागत नाही. मासळी दारावर येते. बोरिवली स्टेशनाजवळ लोकमान्य टिळक रोड, एस. व्ही. रोड आणि इंद्रप्रस्थ शॉपिंग सेंटर आहे. शाळेच्या गणवेशापासून मोबाइलच्या काचेपर्यंत सगळे तिथे होते. आमच्या भागात मुसलमानांची घरे मात्र थोडी. अबाया, इत्तर, शिरखुर्म्याच्या शेवया, निकाहाचे कपडे यांसाठी एक तर मालवणी गाठायची, नाही तर थेट मोहम्मद अली रोड.

खरेदीला निघण्याआधी मुलीच्या अब्बांनी एक वही केली. हातात एक लाख पासष्ट हजार रुपये होते. दागिन्यांसाठी माझ्या दोन बांगड्या मोडायच्या, हे आधीच ठरले होते, त्यामुळे सोने या हिशेबाबाहेर. कपडे, भांडीकुंडी, देणेघेणे मिळून एक लाख वीस हजार, असे त्यांनी लिहिले. उरलेल्या पंचेचाळीस हजारांपुढे धाकटीने स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'बी.एड.ची फी'. ती बी.एस्सी. झालेली, एका खासगी क्लासमध्ये शिकवते. लग्नानंतर शिकायला तिच्या सासरच्यांची हरकत नव्हती. पण फी कोणी भरायची हा विषय नव्या घरात निघू नये, एवढीच तिची इच्छा होती.

माझ्या नणंदेला हे पटले नाही. तिने भाचीवर जीव लावला आहे, म्हणून तिचे बोलणे मी मनावर घेतले नाही. ती म्हणाली, "फी काय, पुढच्या वर्षीही भरता येईल. लग्न एकदाच होते. जोडा बांद्र्याहूनच घ्या."

म्हणून पहिली फेरी बांद्र्याची झाली. लिंकिंग रोडचे दोन चेहरे आहेत. पदपथावर चपला, सँडल, पर्स, कुर्त्या यांच्या टपऱ्या आणि त्यांच्या मागे काचेची शोरूम. पुढे हिल रोडलाही तसेच. टपरीवर भाव सांगायची आणि पाडायची रीत आहे. काचेच्या आत चिठ्ठीवर लिहिलेला आकडा अंतिम. एका शोरूममध्ये धाकटीला एक लेहंगा आवडला. डाळिंबी रंग, जरदोजीचे काम, ओढणीला बारीक मोती. खरेच सुंदर होता. किंमत बावन्न हजार.

तिथल्या मुलीने माझ्या बुरख्याकडे आणि हातातल्या कापडी पिशवीकडे पाहून आधी आम्हाला "बजेटमधले" दाखवायला दुसऱ्या कोपऱ्यात नेले होते. धाकटीने हाच लेहंगा मागितल्यावर तिचा सूर बदलला आणि तिने हप्त्यांचे गणित मांडले. आता काहीच भरायचे नाही, नंतर बारा महिन्यांत थोडे थोडे. व्याज नाही म्हणाली. बारकाईने विचारल्यावर कळले की प्रोसेसिंगचे पैसे वेगळे, हप्ता चुकला तर दंड वेगळा. आपल्याकडे व्याजाची मनाई सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण व्याज हल्ली 'व्याज' या नावाने दारात येत नाही, म्हणून ते ओळखायला कागद वाचावा लागतो. आमच्याच नात्यातल्या एका घरी मुलीच्या लग्नानंतर तीन वर्षे हप्ते चालू होते. मुलीचे पहिले बाळंतपण झाले तरी तिचा लेहंगा फिटला नव्हता.

धाकटी तिथे काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "अम्मी, फी आणि वर सात हजार." एवढेच. पदपथावरच्या टपरीवर तिने निकाहासाठी सँडल मात्र घेतली, सहाशे रुपयांची. ती छान निघाली.

मोठ्या मॉलचेही सांगायला हवे, कारण आमच्या घराचा त्यांच्याशी एक जुना संबंध आहे. लोअर परळला जिथे आज फिनिक्सचा मॉल आहे, तिथे फिनिक्स मिल होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप असा रीतसर मिटला नाहीच. बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत आणि कापडाचे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले. माझे सासरे दुसऱ्या गिरणीत होते, पण गोष्ट तीच. ज्या गिरणगावात त्यांच्यासारख्यांनी कापड विणले, त्याच जमिनीवर आता कापड विकत घ्यायला गाडीतून लोक येतात. मॉलमध्ये थंडावा असतो, स्वच्छ प्रसाधनगृह असते, मुलांना फिरायला जागा असते. या सोयी खऱ्या आहेत आणि त्यांचे भाडे मालाच्या किमतीत धरलेले असते. फिरायला जायचे असेल तर जावे. पण मोजके पैसे घेऊन लग्नाचा बस्ता बांधायचा असेल, तर माल जिथून निघतो त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे, हे सासऱ्यांचे सांगणे होते.

माल निघतो ती जागा म्हणजे दक्षिण मुंबईची जुनी बाजारपेठ. गोराईहून तिथे जायला दोन वाटा. बोरिवलीहून चर्चगेटची लोकल पकडून मरीन लाइन्सला उतरायचे आणि काळबादेवीतून चालत जायचे. किंवा गोरेगावला उतरून हार्बरची गाडी धरायची आणि थेट मस्जिद स्टेशनला उतरायचे. हार्बरची गाडी २०१८ पासून गोरेगावपर्यंत येते, त्यामुळे पिशव्या घेऊन परतताना ती सोयीची पडते, बसायला जागा मिळण्याची आशा असते.

मस्जिद स्टेशनच्या नावाची एक गंमत आहे. आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की ते जामा मशिदीवरून पडले. पण हे नाव तिथल्या सॅम्युअल स्ट्रीटवरच्या यहुदी प्रार्थनागृहावरून आले, असे सांगितले जाते. शार हारहमीम नावाचे हे सिनेगॉग १७९६ साली बेने इस्राएल समाजातील सॅम्युअल दिवेकर यांनी बांधले. घरात मराठी बोलणारे हे यहुदी आणि इतर लोकही त्याला 'जुनी मस्जिद' म्हणत. ज्या गल्ल्यांत आपण खजूर आणि बदाम घ्यायला जातो, तिथे नावांचीही अशी देवाणघेवाण झालेली आहे.

या भागात कोणती वस्तू कोणत्या गल्लीत, हे कळले की निम्मे काम होते. कापड मंगलदास मार्केटमध्ये. लेस, गोटा, मणी, नकली दागिने भुलेश्वरला. तांब्यापितळेची भांडी पायधुणीजवळ तांबाकाट्याला, तिथे भांडे वजनावर मिळते. स्वयंपाकघरातल्या बारीकसारीक वस्तू नळबाजारात. लग्नपत्रिका आणि कागदाचे सामान अब्दुल रहमान स्ट्रीटला, विजेचे सामान लोहार चाळीत. सोने झवेरी बाजारात, म्हणजे शेख मेमन स्ट्रीटवर. सुका मेवा मस्जिद बंदरला आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास. क्रॉफर्ड मार्केट १८६९ सालचे. पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाने ते ओळखले गेले आणि पुढे त्याला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. इत्तर, टोप्या, तसबीह, अबाया मोहम्मद अली रोड आणि भेंडी बाजार परिसरात.

आम्ही सकाळी अकराला मंगलदासमध्ये पोचलो. हा बाजार रविवारी बंद असतो, हे गावाहून येणाऱ्यांनी आधी लक्षात ठेवावे. आत अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना गादीवर बसलेले दुकानदार आणि छतापर्यंत थानांच्या थप्प्या. इथे 'लेहंगा दाखवा' म्हणून चालत नाही. कोणते कापड, किती पन्हा, किती मीटर, अस्तर कशाचे, हे ठरवून जावे लागते. धाकटीने शोरूममधल्या लेहंग्याची रचना डोक्यात ठेवली होती. डाळिंबी ब्रोकेड सहा मीटर घेतले, ३,९०० रुपयांना. ओढणीचे कापड १,२००, अस्तर ६००. तिथून भुलेश्वरला चालत जाऊन लेस आणि मोती १,८००. मालवणीत जरदोजीचे काम करणारा एक कारीगर ओळखीचा आहे, त्याने गळ्याचे आणि बाह्यांचे काम ३,००० रुपयांत केले. शिंप्याची शिलाई ३,५००. एकूण १४,००० रुपये. शोरूममधल्या लेहंग्यावर काम अधिक होते, हे धाकटी आजही म्हणते आणि ते खरे आहे. पण निकाहाच्या दिवशी तिच्या अंगावर जो जोडा होता तो तिच्या मापाचा होता आणि दुसऱ्या दिवशी त्याचे कोणाला काही देणे नव्हते.

कापड ओळखायची सासऱ्यांची एक रीत होती, ती आम्हाला इथे कामाला आली. कडेचा एक धागा ओढायचा आणि काडीने पेटवायचा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. खरे रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर असेल तर धागा वितळून टोकाला कडक गोळी बनते. चांगला व्यापारी याला नाही म्हणत नाही. एका दुकानदाराने तर स्वतःच काडी पेटवून दाखवली आणि म्हणाला, "ताई, हे प्युअर नाही, आर्ट सिल्क आहे. म्हणून तर हा भाव आहे." त्याने न विचारता सांगितले, म्हणून ब्रोकेड आम्ही त्याच्याकडूनच घेतले.

या दुकानदाराचे मला कौतुक वाटले, कारण आपल्या परंपरेत व्यापाऱ्याकडून हीच अपेक्षा आहे. मदिनेच्या बाजारात हजरत पैगंबर मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. इमाम अबू हनिफा (रह.) स्वतः कुफा शहरात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड दोष न सांगता विकले, तेव्हा त्यांनी त्या विक्रीची सगळी रक्कम दान करून टाकली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. हजरत उमर (रजि.) यांनी शिफा बिन्त अब्दुल्लाह या महिलेकडे मदिनेच्या बाजाराची देखरेख सोपवली होती, असेही रिवायतीत येते. बाजारात जाणारी, माल पारखणारी, प्रश्न विचारणारी बाई ही आपल्याला नवी नाही. बिल मागायला आणि धागा जाळून पाहायला संकोच कशाला?

नवऱ्या मुलासाठी शेरवानीचे कापड घ्यायचे होते, तिथे या परीक्षेचा आणखी एक उपयोग झाला. पुरुषांना अस्सल रेशीम वर्ज्य आहे. जुन्या विणकरांनी यावर सुरेख तोड काढली होती. रेशीम आणि सूत असे एकत्र विणायचे की वर रेशमाची झळाळी आणि अंगाला सूत. त्या कापडाचे नावच 'मशरू', म्हणजे शरीयतीप्रमाणे चालणारे. आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, हिमरू हा सूत आणि रेशीम यांच्या मिश्रणाचाच प्रकार. मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी नेली, तेव्हा ही कला तिकडे गेली असे मानले जाते. मुंबईत एका भारी दुकानात 'हेरिटेज' म्हणून अशी शाल पाहिली. तिचा भाव ऐकून मुलीच्या अब्बांनी तिकडच्या आपल्या चुलतभावाला फोन केला. त्याने तिथल्या विणकराकडूनच शाल घेऊन पाठवली, भावात निम्म्याहून जास्त फरक पडला. गावाकडचे लोक खरेदीसाठी मुंबईला येतात आणि मुंबईची दुकाने त्यांच्याच गावांतून माल आणतात, असाही हा प्रकार आहे. सोलापूरच्या चादरीचे, पैठणीचे, कोल्हापुरी चपलेचे तेच. जवळ पिकते ते जवळच घ्यावे.

सोन्याविषयी थोडक्यात सांगते. बांगड्या मोडून हार आणि कानातले करायचे होते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक असणे आवश्यक आहे. तो क्रमांक बी.आय.एस.च्या मोबाइल ॲपमध्ये टाकून दागिना तपासता येतो. जुने सोने देताना शुद्धता आपल्यासमोर तपासून घ्यावी. घडणावळ किती, खड्यांचे वजन सोन्यात धरले आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एका दुकानात खड्यांसकट वजन करून सोन्याचा भाव लावला होता. आम्ही न भांडता उठलो आणि पुढच्या दुकानात गेलो. झवेरी बाजारात पुढचे दुकान दहा पावलांवर असते.

आता भाव करण्याविषयी. आपल्या बायकांना, मलाही, भाव करण्यात एक आनंद असतो. पण तो आपण कुठे करतो, हे पाहण्यासारखे आहे. मॉलमध्ये छापील किमतीपुढे आपण गप्प राहतो. दारावरच्या कोळणीशी मात्र दहा रुपयांसाठी पाच मिनिटे घालतो. जिच्याकडे सकाळची भवानीसुद्धा झालेली नसते, तिच्याकडून आपण शेवटचा रुपया काढतो आणि घरी येऊन सांगतो की कसे पाडून घेतले. विकताना, घेताना आणि उधारी वसूल करताना जो सौम्य वागतो, त्याच्यासाठी पैगंबरांनी (स.) अल्लाहच्या रहमतीची दुआ केली आहे. त्यात विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्याचाही उल्लेख आहे. फसवणारा भाव सांगितला तर जरूर पाडावा, मोठ्या दुकानात तर नक्कीच पाडावा. पण कारीगराची मजुरी हा भाव करण्याचा विषय नाही. मालवणीच्या त्या जरदोजीवाल्याने तीन हजार सांगितले तेव्हा नणंद म्हणाली, "दोनमध्ये करील." धाकटीनेच तिला थांबवले. "फुफी, चार रात्री बसणार आहे तो."

या सगळ्या खरेदीत सामायिक खरेदीचा फार फायदा झाला. मुंबईत ही कल्पना जुनी आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कुटुंबांचे लहान लहान गट करून महिन्याचे सामान एकत्र मागवते आणि वाटते. आम्ही चार घरांनी मिळून मेवा आणि तांदूळ घाऊक आणला. त्यात दोन घरे मुसलमानांची, दोन हिंदूंची. आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी त्याच महिन्यात मुंज होती. काजू-बदाम त्यांनाही लागणार होते आणि आम्हालाही. एका टेंपोचे भाडे चार ठिकाणी वाटले गेले.

वेळेचे भानही ठेवायला हवे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मोहम्मद अली रोडला खाण्यापिण्याची बहार असते, पण खरेदीसाठी तो वाईट काळ. गर्दीत माल नीट पाहता येत नाही, भाव चढलेले असतात, शिंपी नवे काम घेत नाहीत आणि इबादतीची मोलाची रात्र दुकानांच्या पायऱ्यांवर जाते. कापड शाबानमध्येच घेऊन शिंप्याकडे टाकावे. मंगळवार-बुधवारी सकाळी जावे. बरोबर एकच जाणती व्यक्ती न्यावी. पाचजणींचा जथा गेला की प्रत्येकीची एकेक हौस पिशवीत येते. पाण्याची बाटली आणि घरचा डबा न्यावा. बायकांना नमाजाला जागा शोधताना अडचण होते, तेव्हा त्या हिशेबाने वेळ आखावी.

साधे राहावे म्हणजे कळकट राहावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. सूरह आराफमध्ये मशिदीत जाताना साजशृंगार करण्याची आज्ञा आहे आणि त्याच आयतीत उधळपट्टी न करण्याचीही. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या आहेत, याचा मी खरेदीच्या त्या दिवसांत वारंवार विचार केला. नटायला परवानगी आहे. मुलीने आपल्या निकाहाला सुंदर दिसावे, ही तिची आणि माझीही इच्छा होती. हद्द कुठे आहे, हे कोणते दुकान सांगणार नाही. आमच्या घरात ती त्या वहीतल्या शेवटच्या ओळीने सांगितली. प्रत्येक घराची ओळ वेगळी असेल. कुणाच्या घरी आईचे ऑपरेशन असेल, कुणाच्या घरी धाकट्या भावाचे शिक्षण, कुणाचे आधीचेच कर्ज. ती ओळ खरेदीला निघण्याआधी लिहावी आणि जिच्या लग्नाची खरेदी आहे तिच्यासमोर लिहावी. मुलींना आपण समजतो त्यापेक्षा हिशेब जास्त कळतो. फक्त तो त्यांना कोणी दाखवत नाही.

आमचा हिशेब एक लाख चौदा हजारांवर मिटला. सहा हजार उरले. त्यातून ईदच्या आधी घरकामाला येणाऱ्या बाईच्या दोन मुलींना कपडे घेतले. त्या वेळी एक गोष्ट खटकली, तीही सांगते. काही दुकानांत रमजानमध्ये 'वाटपासाठी' म्हणून हलक्या कापडाचे गठ्ठे वेगळे ठेवलेले असतात. एका धुण्यात रंग जाणारे, हाताला खरखरीत. घेणारेही डझनाच्या भावात घेतात. जे स्वतः डोळे मिटूनच घ्यावे लागेल असे निकृष्ट दान देऊ नका, असे सूरह बकरामध्ये बजावले आहे. दहा जणांना असे वाटण्यापेक्षा तिघांना चांगले द्यावे. आम्ही त्या मुलींचे कापड धाकटीच्या कुर्त्यांच्या थानातूनच फाडून घेतले. दुकानदाराने विचारले, "घरातल्याच मुली का?" धाकटी हो म्हणाली.

बी.एड.चा प्रवेश तिने निकाहाआधीच्या आठवड्यात घेतला. फीची पावती त्या वहीत शेवटच्या पानाला लावून ठेवली आहे. वही आता मोठ्या जावेकडे गेली आहे, कारण पुढच्या शव्वालमध्ये तिच्या मुलीचे लग्न आहे. कोणत्या गल्लीत काय मिळते हे तिच्या मागच्या पानावर लिहिले आहे. पण पुढचे पान आधी भर, असे मी तिला सांगितले आहे.